स्वयंवह चक्र आणि खेळातील आख्यान : भास्कराचार्यांच्या निमित्ताने

राजा, सेनापती किंवा संत यांना नायक करून लिहिणाऱ्या लेखकासमोर जी अडचण सहसा येत नाही, ती यंत्रकाराला नायक करणाऱ्या लेखकासमोर पहिल्याच पानावर उभी राहते. पानिपतावरील लढाई पुन्हा घडवून पाहता येत नाही. यंत्र मात्र पुन्हा बांधून पाहता येते. यंत्रकाराची कीर्ती ज्या कृतीवर उभी असते ती कृती आजही तपासली जाऊ शकते, आणि म्हणूनच त्याच्याविषयीच्या कल्पितकथेचा न्याय इतर ऐतिहासिक कल्पितकथांच्या मापाने करता येत नाही. व्हिडिओ गेम या नव्या आख्यानप्रकाराने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. कादंबरीत यंत्र ‘चालले’ असे लेखक सांगतो आणि वाचक ते मान्य करतो किंवा करीत नाही. खेळात ते यंत्र खेळणाऱ्याच्या हातात येते आणि त्याच्या हाताने चालते. कथनाने जे पटवावे लागते ते येथे अनुभवानेच पटून जाते.

पाश्चात्त्य खेळांत याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘असॅसिन्स क्रीड २’ (२००९) या खेळात लिओनार्दो दा विंची हा नायकाचा मित्र आहे. त्याने कागदावर रेखाटलेले उड्डाणयंत्र घेऊन खेळणारा व्हेनिस शहरावरून विहार करतो. पुढच्या वर्षीच्या ‘ब्रदरहुड’मध्ये त्याच लिओनार्दोला बोर्जियांसाठी युद्धयंत्रे करावी लागतात व ती नष्ट करण्याचे काम खेळणाऱ्याकडे येते. निकोला टेस्ला ‘द ऑर्डर : १८८६’ (२०१५) मध्ये शस्त्रे पुरविणारा म्हणून येतो. या सर्वांत एकच युक्ती आहे. जे यंत्र इतिहासात कागदावरच राहिले ते खेळात पुरे करून द्यावयाचे. पैकी ‘ब्रदरहुड’ मला सरस वाटतो, कारण तेथे यंत्राला किंमत पडते. आपली कल्पना कोणाच्या हाती गेली याचा विषाद यंत्रकाराला सोसावा लागतो. पहिल्या खेळातील उड्डाण केवळ नयनरम्य आहे.

आपल्याकडे ‘राजी’ (२०२०) हा पुण्यात तयार झालेला खेळ पुराणकथांकडे वळला, यंत्रकारांकडे नाही. परंतु आपल्या परंपरेत असा नायक शोधू गेल्यास दृष्टी प्रथम भास्कराचार्यांकडे जाते, आणि त्यांच्याबरोबर ती बीड जिल्ह्याकडेही वळते. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी आपला जन्मशक १०३६ (इ. स. १११४) दिला आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी हा ग्रंथ रचला. गोत्र शांडिल्य, पिता महेश्वर आणि वास्तव्य सह्यकुलपर्वताच्या आश्रयाने असलेल्या विज्जडविड नगरात, असेही ते सांगतात. हे विज्जडविड म्हणजेच बीड, असे मानणारा एक पक्ष आहे. बिदर, विजापूर, चाळीसगावजवळील पाटण यांचेही दावे आहेत. बीडच्या पक्षाचा आधार मुख्यतः नामसादृश्याचा. सह्याद्रीचा उल्लेख बालाघाटाच्या रांगांना लावता येईल, परंतु तो ओढूनताणून लावावा लागतो. उलट पाटणच्या बाजूने शिलालेखाचा पुरावा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापिला. त्याला मिळालेले दान १२०७ सालचे आहे. अर्थात नातवाचा मठ हा आजोबांच्या जन्मस्थानाचा निर्णायक पुरावा होत नाही. वादाचा निकाल लागलेला नाही, आणि तो येथे लावण्याचे प्रयोजनही नाही. बीडकरांनी भास्कराचार्यांना आपले म्हणावे. मात्र खेळाच्या पहिल्याच दृश्यात बीडची वेस दाखवून तिच्यावर ‘जन्मस्थान’ अशी पाटी लावू नये, एवढेच.

आता यंत्र पाहू. यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी स्वयंवह चक्राचे वर्णन केले आहे. हलक्या लाकडाचे चक्र घ्यावे. त्याला सारख्या अंतरावर, सारख्या पोकळीच्या, किंचित वाकलेल्या आरा बसवाव्यात. त्या अर्ध्या पाऱ्याने भरून बंद कराव्यात. चक्र दोन आधारांवरील आसावर ठेवावे, म्हणजे ते आपोआप फिरत राहते. बाराव्या शतकातील ही कल्पना पुढे अरबी ग्रंथांत व तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द ऑनकूर याच्या चित्रवहीत आढळते. लिन व्हाइट या इतिहासकाराने हा प्रवास भारतातूनच झाला असे प्रतिपादन केले आहे. जगभर गेलेली ही कल्पना चुकीची आहे, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. उतरत्या बाजूला पारा परिघाकडे सरतो, चढत्या बाजूला तो आसाच्या जवळ राहतो, त्यामुळे एका बाजूचा जोर सतत अधिक आहे असा भास होतो. परंतु पूर्ण फेरीचा हिशेब मांडला तर पारा जितका खाली येतो तितकाच त्याला पुन्हा वर चढावे लागते. शिल्लक काही उरत नाही आणि आसाचे घर्षण तेवढे वजा होते. चक्र काही काळ डोलून थांबते. अशा सदागती यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच ठरवून टाकले होते.

खेळात मात्र हे चक्र फिरेल. संगणकातील जगाचे नियम खेळ करणाऱ्याने लिहिलेले असतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेथे घातला नाही तर तो तेथे नाहीच. खरी मेख येथे आहे. भास्कराचार्यांचे चक्र फिरवून दाखविणारा खेळ कल्पना लढवीत नाही. तो एका चुकीच्या विधानाला खोटा प्रयोग जोडून देतो. खेळणाऱ्या विद्यार्थ्याला ते फिरताना दिसले, की ‘आमच्या पूर्वजांना हे माहीत होते’ हे वाक्य त्याच्या मनात पुराव्यासह रुजते. शिवकर बापूजी तळपदे यांच्याविषयी असेच झाले आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडविल्याची कथा सर्वश्रुत आहे, पण तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही २०१५ च्या ‘हवाईजादा’ चित्रपटाने ती कथा पुन्हा उड्डाणापर्यंत नेली. चित्रपटाला स्वातंत्र्य नाही असे कोण म्हणेल? पण स्वातंत्र्य घेतले आहे हे कृतीतच दिसावे लागते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाची वाट कोठे वळली, विश्वासरावांना लागणारी गोळी कोठे हुकली, हे वाचकाला नेमके कळते. कल्पिताचा सांधा उघडा ठेवल्यामुळे तेथे कल्पितही राहते आणि इतिहासही.

विशेष म्हणजे खुद्द भास्कराचार्य या चक्राविषयी त्यांच्या आजच्या भक्तांइतके भाबडे नव्हते. स्वयंवह यंत्रांचा गोलाशी संबंध नाही, ती कुहकविद्येच्या, म्हणजे हातचलाखीच्या, अंगाने जातात, आणि पूर्वाचार्यांनी सांगितली म्हणून आपण सांगितली, असा त्यांचा सूर आहे. शिवाय लल्लादिकांनी सांगितलेले स्वयंवह यंत्र परसापेक्ष असल्यामुळे ते ‘ग्राम्य’ ठरवितात. या शेऱ्यात मोठा विरोधाभास आहे. पाण्याचा निचरा होत जाताना फिरणारे, म्हणून पाणी पुन्हा भरावे लागणारे यंत्र हे परसापेक्षतेचे साधे उदाहरण. आणि चालते ते नेमके तेच. बाहेरून काहीही न घेता चालण्याची प्रतिज्ञा करणारे नागर यंत्रच थांबते. भास्कराचार्यांवर कथा रचणाऱ्याला याहून चांगले नाट्यबीज कोठे मिळणार? लीलावतीच्या घटिकापात्रात मोती अडकल्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादाबरोबर ती प्रसृत झाली, भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती कोठेच नाही. तिच्यातील करुण रस सोपा आहे. आपल्या बुद्धीला प्रिय असलेले चक्र थांबलेले पाहणारा पंडित, हा प्रसंग अधिक कठीण आहे.

आणि खेळासाठी लागणारे साधनही त्याच अध्यायात आहे. घटी, शंकू, चक्र, चाप, फलक इत्यादी यंत्रे सांगून झाल्यावर भास्कराचार्य सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून ‘धीयंत्र’ सांगतात. एक काठी आणि बुद्धी, एवढेच त्याचे साहित्य. काठीच्या साह्याने वेळूचे मूळ व अग्र वेधून त्याची उंची व अंतर काढावयाचे. पाण्यातील प्रतिबिंबावरूनही तेच काढावयाचे. खेळणाऱ्याला तयार उडते यंत्र देण्याऐवजी हातात काठी द्यावी आणि त्रैराशिकावर त्याची वाट मोकळी व्हावी, अशी रचना केली तर खेळाचे नियम आणि निसर्गाचे नियम एकच राहतात. असा खेळ विकला जाईल की नाही, हा निराळा प्रश्न आहे, तो प्रकाशकांचा.

बीडविषयी एक गोष्ट उरते. शहराच्या दक्षिणेस काही अंतरावर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने ती बांधविली. दोन भूमिगत मार्गांनी पाणी विहिरीत येते व तिसऱ्याने ते दूरच्या शेतांकडे जाते. दुष्काळातही हिचे पाणी हटत नाही, असे लोक सांगतात. स्थानिक परंपरेत तिचा स्थपती म्हणून राजा भास्कर याचे नाव आहे. नामसाम्यामुळे दोन भास्करांना एकत्र आणण्याचा मोह कथाकाराला होईल. पण त्यांच्यात चार शतकांहून अधिक अंतर आहे आणि ते बुजवू नये. या दुसऱ्या भास्कराचा ग्रंथ नाही, गोत्र नाही, जन्मशक नाही. त्याची कृती संपूर्णपणे परसापेक्ष आहे : जमिनीचा उतार, खडकातील झरे आणि पावसाळा यांवर ती उभी आहे. ज्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबे बाहेर पडतात, तेथील खेळणाऱ्याच्या हाती पाऱ्याचे चक्र द्यावयाचे की या विहिरीच्या भुयारातील पाण्याची पातळी, याचा निर्णय खेळ रचणाऱ्याला पहिल्या आराखड्यातच घ्यावा लागेल.