आत्म्याचे गाणे आणि जुनी तबकडी

'सोल' म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लौकिक प्रेमगीतांना हे नाव मिळावे, याचे आम्हांस एके काळी नवल वाटे. उपासनामंदिराबाहेर पडलेल्या गाण्याला आत्म्याचे नाव कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ग्रंथांपेक्षा एका ध्वनिमुद्रिकेने अधिक स्पष्टपणे दिले.

इतिहास थोडक्यात असा. १९५४ साली रे चार्ल्स यांनी एका भक्तिगीताच्या चालीचा आधार घेऊन 'आय गॉट अ वूमन' हे गीत गायिले. जेथे येशूचे नाव होते, तेथे प्रेयसी आली आणि अनेक श्रद्धावंत दुखावले. पाळकाचे पुत्र सॅम कुक 'सोल स्टरर्स' या भक्तिगायकांच्या संघात नावारूपास आले होते. १९५६ मध्ये त्यांनी पहिले लौकिक गीत काढले, ते 'डेल कुक' या टोपणनावाने. नाव झाकावे लागले, यातच त्यांच्यापुढचा पेच दिसतो. पवित्र स्वर बाजारात विकला, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि तो हलका मानण्याचे कारण नाही.

मात्र ही वाट एकेरी नव्हती. आधुनिक गॉस्पेलचे जनक मानले गेलेले थॉमस डॉर्सी मुळात ब्लूजचे पियानोवादक होते. पत्नी व नवजात बालक यांच्या मृत्यूनंतर, १९३२ साली, त्यांनी 'प्रेशस लॉर्ड' हे स्तोत्र रचले. त्याच्या आर्ततेत ब्लूजचा स्वर मिसळलेला आहे.

पाळकाची कन्या अरेथा फ्रँकलिन १९६७ पासून सोलची सम्राज्ञी म्हणून गाजल्या. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री त्यांनी भक्तिगीते गायिली. सोबत रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड व त्यांचा गायकवृंद होता. 'अमेझिंग ग्रेस' हा दोन तबकड्यांचा संच त्यातून निघाला. त्याच्या पहिल्याच बाजूवर डॉर्सींचे स्तोत्र आणि कॅरोल किंग यांचे मैत्रीवरील लौकिक गीत एकमेकांत गुंफले आहे. चार्ल्स यांनी स्तोत्र बाहेर नेले होते. येथे बाहेरचे गीत वेदीसमोर आणले आहे आणि ते मुळीच उपरे वाटत नाही.

शीर्षकगीत दहा मिनिटांहून अधिक चालते. एकेका अक्षरावर अरेथा इतक्या रेंगाळतात की ओळ पुढे सरकेल की नाही, अशी शंका येते. प्रथम ऐकताना आम्हांला हे कंठकौशल्याचे प्रदर्शन वाटले. पुन्हा ऐकताना कान श्रोत्यांकडे गेला. प्रत्येक हरकतीला भाविक प्रतिसाद देतात आणि गायिका त्या प्रतिसादासाठी थांबते. मग ते लांबणे प्रार्थनेचेच अंग वाटू लागते. कन्येने चर्च कधी सोडलेच नाही, असे तिचे वडील याच मुद्रिकेवर बोलतात. पित्याचे ममत्व वजा केले तरी त्यांचे म्हणणे आम्हांस पटते.

जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांबद्दलही दोन शब्द. फ्रँक विल्सन यांची १९६५ सालची एक तबकडी बाजारात आलीच नाही. मोजक्याच प्रती उरल्या. २००९ मध्ये तिला २५ हजार पौंडांहून अधिक किंमत आली. 'अमेझिंग ग्रेस'च्या मात्र लक्षावधी प्रती खपल्या, म्हणून संग्राहकांच्या लेखी ती दुर्मीळ नव्हे. किंमत दुर्मीळतेची असते, गाण्याची नव्हे. तरीही तबकडी जपणाऱ्यांशी आम्ही एका बाबतीत सहमत आहोत. बाजू संपली की उठावे लागते, तबकडी उलटावी लागते आणि त्या क्षणभराच्या शांततेत ऐकलेले मनात मुरते.

वापरून झिजलेली, खरखरणारी प्रत कोणा वाचकास मिळाली, तर त्याने ती नाकारू नये. ती खरखर म्हणजे कोणीतरी हे गाणे पुन्हा पुन्हा ऐकल्याची खूण आहे.