नित्यवाचनातील ‘मी’

पवित्र ग्रंथातील नेमलेला भाग रोज वाचावा आणि त्यावर मनात आलेले चार ओळींत लिहून ठेवावे, ही ख्रिस्ती तरुणांतील जुनी रीत आहे. प्रवचन, कीर्तन, भाष्य आणि निबंध या प्रकारांची मराठी समीक्षेने कमीअधिक दखल घेतली. या चार ओळींकडे मात्र तिचे लक्ष क्वचितच गेले. हे लेखन उपासनेचे, साहित्याचे नव्हे, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः एखादा वाचक ग्रंथासमोर एकटा बसून त्याला स्वतःच्या भाषेत उत्तर देऊ पाहतो, तेव्हा जो व्यवहार घडतो तो वाङ्मयीनच असतो. प्रश्न इतकाच, की ते उत्तर खरोखर त्या वाचकाचे असते काय?

या प्रश्नाची मराठीतील एक प्रसिद्ध पूर्वपीठिका आगगाडीच्या डब्यात सापडते. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावकडे निघाले असता एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती आपल्या सवयीप्रमाणे हाती पेन्सिल घेऊन, लक्षणीय स्थळांवर खुणा करीत वाचावयास घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या कथेतील धर्मांतराची चर्चा पुष्कळ झाली. पेन्सिलीची झाली नाही. समासातील खूण उपदेश करीत नाही, अर्थही लावीत नाही. ‘येथे वाचणारा थांबला’ एवढेच ती सांगते. नित्यवाचनावरील वैयक्तिक चिंतन म्हणजे या खुणेचाच विस्तार होय, आणि खुणेचा प्रामाणिकपणा त्यात जितका टिकेल तितकेच त्याचे मोल.

टिळकांच्या वाचनात आणि नेमाच्या वाचनात एक भेद मात्र आहे. खूण कोठे करावी हे दोहोंत वाचकच ठरवतो. परंतु नेमाच्या वाचनात आज काय वाचावे हे आधीच ठरलेले असते. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोराव्हियन बंधुसमाजाने वर्षातील प्रत्येक दिवसाचे वचन देणारी पुस्तिका १७३१ पासून छापली; त्यातील जुन्या करारातील वचने चिठ्ठ्या काढून निवडली जातात. इंग्लंडात १८७९ साली मुलांसाठी रोजच्या वाचनाची छापील पत्रके निघाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, कॅथलिक उपासनेतील वाचनांची नवी मांडणी झाली, ती रविवारी तीन वर्षांचे आणि इतर दिवशी दोन वर्षांचे चक्र पाळते. या साऱ्यांत समान गोष्ट एकच: वाचकाची आवडनिवड बाजूला सारली जाते. ज्याला धीर हवा असतो त्याच्या वाट्याला खडसावणारे वचन येते आणि उत्साहाच्या दिवशी विलापगीत समोर येते. हा विसंवाद हीच या लेखनप्रकाराची मुख्य शक्ती होय. निबंधकार आपल्या मनाजोगा विषय शोधू शकतो; येथे विषयच वाचकाला शोधत येतो.

तरुणांनी लिहिलेल्या चिंतनांत ही शक्ती वारंवार वाया जाते आणि ती कोठे वाया जाते हे सर्वनामावरून ओळखता येते. चिंतन बहुधा ‘मी’ने सुरू होते. ‘मी दोन महिने भावाशी बोललो नाही,’ असे पहिले वाक्य असले, तर ते वाचकाला धरून ठेवते. पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘आपण सर्वांनी एकमेकांस क्षमा करावयास हवी’ असे येते आणि भाऊ कायमचा अदृश्य होतो. भांडण कशावरून झाले, पहिला शब्द कोणी टाकावयाचा, तो टाकणे का जड जाते, हे सारे ‘आपण’च्या पांघरुणाखाली झाकले जाते.

मराठी व्याकरण येथे समीक्षकाच्या मदतीला येते. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते, हा भेद इंग्रजीला ठाऊक नाही. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना अनेकवचनी आहे, परंतु मराठीत तिचा आरंभ ‘आमच्या’ याच शब्दाने होतो. कारण ती देवाला उद्देशून आहे आणि देव त्या ‘आम्ही’त मोडत नाही. तिथे ‘आपल्या’ म्हटले, तर तोंड देवाकडून वळून शेजारच्या माणसाकडे होईल. चिंतनात ‘मी’चा ‘आपण’ होतो तेव्हा नेमके हेच घडते. लिहिणारा ग्रंथाकडे पाठ करून सभेकडे तोंड करतो. सभेपुढे ‘आपण’ शोभून दिसते, प्रवचनकाराला ते आवश्यकही असते. परंतु ज्याने अद्याप स्वतःचे उत्तर दिलेले नाही त्याने सर्वांच्या वतीने उत्तर द्यावे, यात नम्रतेपेक्षा पळवाटच अधिक दिसते.

ही पळवाट वाचनालाही बिघडवते. श्रीमंत माणसाची कथा मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनी सांगितली आहे. लूक त्याला अधिकारी म्हणतो, मार्क नुसताच माणूस म्हणतो. तो तरुण होता हे सांगतो एकटा मत्तय. सर्वस्व विकून गरिबांना देण्याची सूचना ऐकून मत्तयाचा हा तरुण खिन्न होऊन निघून जातो. पुढे त्याचे काय झाले, हे शुभवर्तमान सांगत नाही. येशू त्याला परत बोलावीत नाही. तरुणांच्या चिंतनात मात्र या कथेला हटकून शेपूट जोडले जाते: ‘आपण त्या तरुणासारखे होऊ नये.’ या एका वाक्याने कथा संपते आणि वाचकही सुटतो. मूळ कथेत तो सुटत नाही. तो तरुण दुष्ट नव्हता, आज्ञा पाळणारा होता. त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही होते, म्हणून तो खिन्न झाला. आपल्यालाही हे जमणार नाही असे ज्याला वाटले त्याने तेवढेच लिहून थांबणे, हे कथेचे अधिक विश्वासू वाचन ठरेल.

मार्काच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक तरुण आहे. येशूला पकडतात त्या रात्री अंगावरचे तागाचे वस्त्र शिपायांच्या हातात सोडून तो उघडाच पळून जातो. दोन वचनांत त्याचे सारे आयुष्य आटोपते. या तरुणावर चिंतन क्वचितच लिहिले जाते, कारण त्याच्यातून बोध काढता येत नाही. तरीही क्रमाने वाचणाऱ्याला तो टाळता येत नाही, आणि संकटाच्या वेळी सोबत्याला सोडून पळ काढलेल्या कोणाही वाचकाला त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

सर्वनामाइतकाच प्रश्न शब्दांचा आहे. टिळकांच्या त्या प्रवासाचा लोहमार्ग राजनांदगावच्या पुढे दुर्ग-भिलाईकडे जातो. भिलाईजवळचे उतई ज्या दुर्ग मुलखात आहे, तो एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत नागपूरसह एकाच प्रांतात होता आणि २००० पासून छत्तीसगडात आहे. अशा ठिकाणच्या मराठी घरातील तरुण शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलतो. हातात येते तेही बहुधा हिंदी बायबल. लिपी एकच असल्यामुळे अडचण दिसत नाही, पण ती असते. विखुरलेला जनसमुदाय पाहून येशूच्या मनात जे उमटले त्यासाठी हिंदी भाषांतरात ‘तरस’ हा शब्द येतो. मराठी घरात तरस म्हणजे रानातले जनावर. हिंदी चांगली येणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळतो. तथापि आजीच्या तोंडून ऐकलेल्या शब्दाने आत जे हलते ते त्याने हलत नाही. मराठीत त्या जागी ‘कळवळा’ आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा संबंध आतड्यांशी आहे. ‘आतडे तुटणे’ म्हणणाऱ्या भाषेला तो समजावून द्यावा लागत नाही. चिंतन मराठीत लिहावयाचे असेल तर वाचनही, निदान एकदा, मराठीत झाले पाहिजे, असा याचा अर्थ. हा भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. कोणता शब्द वाचणाऱ्याला थांबवतो, याचा आहे.

मराठीने ही सोय पुन्हा पुन्हा करून दिली आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून साध्या भाषेत संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले आणि साहित्य अकादमीच्या २०१३ च्या अनुवाद पुरस्काराने त्याचा गौरव झाला. या दोन भाषांतरांमागे विद्वत्तेइतकाच विशिष्ट वाचकाचा विचार आहे. भाषांतरकार एवढे करू शकतो. त्यापुढचे वाक्य वाचकाचे असते.

ते वाक्य कसे असावे, याचा नमुना ‘स्मृतिचित्रे’त आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाले. पतीच्या धर्मांतराने कोसळलेली बाई पुढे स्वतः ख्रिस्ती कशी झाली, हे त्यांनी सांगितले, पण कोठेही ‘आपण’चा आधार घेतला नाही. आपला राग, सोवळेओवळे, फजिती आणि हट्ट त्यांनी स्वतःच्याच नावावर मांडून ठेवला. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेवरही विश्वास बसतो. संतांची परंपराही याहून वेगळे सांगत नाही. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा हा नुसता अलंकार नव्हे. वर जे म्हटले त्याची जबाबदारी कोणाची, हे ती सांगते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक म्हणत. ख्रिस्ती तरुणाला तो पूल परका नाही.

यावर आक्षेप असा येईल, की एवढी स्पष्टता खासगी वहीत शोभेल. मंडळीच्या नियतकालिकात ती आत्मप्रदर्शन ठरेल. आक्षेपात तथ्य आहे. स्वतःच्या पापाचे रसभरित वर्णनही एक प्रकारची शेखीच असते. त्यावर उपाय ‘आपण’कडे पळणे हा नव्हे, तर त्या दिवशीच्या वाचनाकडे परत जाणे हा आहे. जेवढे त्या वचनाने उघड केले तेवढेच लिहावे; अधिक नको, उणेही नको. ‘मी’ला मर्यादा घालण्याचे काम ग्रंथच करतो.

तरुणांची चिंतने छापणाऱ्या संपादकांना यातून दोन गोष्टी करता येतील. चिंतनाच्या डोक्यावर त्या दिवशीचा नेमलेला संपूर्ण भाग कोणता हे द्यावे, म्हणजे लिहिणाऱ्याने काय गाळले तेही वाचकाला कळेल. आणि लिहिणारा जेथे थांबला असेल तेथेच थांबू द्यावे. अखेरीस बोधाची ओळ आपल्या पदरची जोडू नये. भावाशी अबोला धरलेल्या तरुणाने अबोला अजून सुटलेला नाही असे लिहिले, तर ते तसेच छापावे. पुढच्या वर्षी वा त्यापुढच्या वर्षी तेच वाचन पुन्हा येईल, आणि तेव्हा त्याला काही वेगळे लिहावेसे वाटेल.