पद्मपुराणानुसार

जुन्या राजेंद्रनगरातल्या एका मराठी मेसमध्ये मी अधूनमधून जेवायला जातो. नोएडाहून एवढ्या लांब जायचं कारण भाकरी आणि ठेचा. बाकीची मंडळी यूपीएससीची तयारी करणारी, परभणी, बीड, सोलापूरकडची मुलंमुली. रात्री नऊला ‘कौन बनेगा करोडपती’ लागलं की जेवणाचा वेग मंदावतो. करमणूक म्हणून नव्हे, सराव म्हणून. पर्याय पडद्यावर यायच्या आत उत्तर देण्याची तिथे चढाओढ असते.

2023 च्या सप्टेंबरात त्या मेसमध्ये एकदा अगदी शांतता पसरली होती. पंजाबातल्या एका खेड्यातला एकवीस वर्षांचा तरुण, तोही यूपीएससीचाच उमेदवार, एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नासमोर बसला होता. प्रश्न असा: पद्मपुराणानुसार, हरिणीच्या शापामुळे कोणत्या राजाला शंभर वर्षं वाघ होऊन राहावं लागलं? पर्याय चार: क्षेमधूर्ती, धर्मदत्त, मितध्वज, प्रभंजन. तरुणाने शहाणपणा केला, खेळ सोडला, एक कोटी घेतले. उत्तर होतं प्रभंजन. आमच्या टेबलावर कुणीतरी विचारलं, “हे एन्शंटमध्ये येतं का?”

त्या प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही. कारण ही कथा टेबलावरच्या निम्म्या मुलांना ठाऊक होती, फक्त तसं त्यांना माहीत नव्हतं. पाडसाला पाजणाऱ्या हरिणीला राजा बाण मारतो, ती शाप देते, तो वाघ होतो. पुढे त्याच्या तावडीत नंदा नावाची गाय सापडते. वासराला पाजून परत येते, असा शब्द ती देते आणि खरोखरच परत येते. तिच्या भेटीने राजा शापातून सुटतो. उत्तरेत बहुला चौथीच्या व्रतकथेत हीच गाय आणि हाच वाघ आहे. कन्नड शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या पुण्यकोटीच्या गाण्यात आहे, तिथे शेवटी वाघच जीव देतो. एवढी भाषाभाषांतून फिरलेली गोष्ट. तिच्यातून गाय काढली, शब्द काढला, परत येणं काढलं आणि उरलं ते एका राजाचं नाव, जे गोष्ट सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केव्हाच टाकून दिलं होतं. लोकांनी जे विसरायचं ठरवलं नेमकं तेच सात कोटींना.

तरीही या प्रश्नातला पहिला शब्द मला आवडतो. ‘पद्मपुराणानुसार.’ त्या ‘नुसार’मध्ये प्रामाणिकपणा आहे. असं घडलं, असं तो शब्द म्हणत नाही. असं एका ग्रंथात म्हटलं आहे, एवढंच म्हणतो. प्रश्न काढणाऱ्याची ती अडचणही असावी. प्राचीन काळाबद्दल खात्रीने एकच उत्तर देता येईल अशा गोष्टी फार थोड्या, आणि ज्या आहेत त्या शाळेच्या पुस्तकात असल्यामुळे फार सोप्या. मग अवघड आणि वादातीत असं दोन्ही हवं असेल तर ग्रंथाच्या आडोशाला जावं लागतं. प्रेक्षकाच्या कानात मात्र ‘नुसार’ राहत नाही, राजा राहतो.

पर्यायांची चौकट काय करते याचं याहून चोख उदाहरण इंग्लंडमधलं आहे. याच खेळाच्या मूळ ब्रिटिश अवतारात नोव्हेंबर 2000 मध्ये ज्युडिथ केपेल या बाई दहा लाख पौंड जिंकल्या. शेवटचा प्रश्न होता: अॅक्विटेनच्या एलिनॉरचा विवाह कोणत्या राजाशी झाला? उत्तर, दुसरा हेन्री. बरोबरच आहे. पण एलिनॉर त्याआधी फ्रान्सच्या सातव्या लुईची राणी होती. प्रश्नाची उत्तरं दोन, पर्यायांत एकच. लुई चुकीचा ठरला नाही, त्याला खोलीतच येऊ दिलं नाही.

आता दिल्लीत येऊ. फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या इमारतीवर एक खांब उभा आहे, अशोकाचा. तो मूळ इथला नव्हे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो हरियाणातल्या तोपऱ्याहून आणवला. सावरीचा कापूस अंथरून आडवा केला, 42 चाकांच्या गाड्यावर घातला आणि यमुनेतून नावांवर इथवर आणला. खांबावर काय लिहिलंय हे सुलतानाला हवं होतं. शम्स-इ-सिराज अफीफ हा इतिहासकार सांगतो की विद्वान बोलावले गेले, कुणालाच ते वाचता आलं नाही. काही जणांनी मात्र ठामपणे सांगितलं: यात लिहिलंय की फिरोज नावाचा राजा येईपर्यंत हा खांब कुणाला हलवता येणार नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. हॉट सीट आहे, बक्षीस आहे, समोर बसलेल्याला काय ऐकायचंय हेही माहीत आहे. लॉक किया जाए.

खरं वाचन व्हायला 1837 साल उजाडलं. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी सोडवली आणि त्यात ‘देवानंपिय पियदसि’ असा राजा सापडला. हा कोण? प्रिन्सेपचं पहिलं उत्तर होतं, सिंहलद्वीपाचा राजा. साफ चूक. मग तिकडे सिंहलमध्येच पाली ग्रंथ चाळत बसलेल्या जॉर्ज टर्नरने कळवलं की पियदसि म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. पुढे 1915 साली कर्नाटकात मस्कीला शिलालेख मिळाला आणि त्यात खुद्द अशोक हे नाव होतं, तेव्हा ते पक्कं झालं. म्हणजे लिपी वाचल्यापासून नाव पक्कं होईपर्यंत 78 वर्षं. खेळाच्या नियमाने प्रिन्सेप पहिल्याच उत्तराला घरी गेला असता, आणि टर्नरला फोन लावायला तीस सेकंद पुरली नसती.

हा खेळ मला आवडत नाही असं मात्र नाही. 2000 साली हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला तेव्हा घरात जो जल्लोष झाला तो आठवतो. मुंबईचा मराठी मुलगा, नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महान्यायवादी. राज्यघटनेवरचा तो प्रश्न निर्दोष होता, कारण घटनेत तसं लिहिलेलंच आहे. तिथे ग्रंथ हाच पुरावा. खेळातली एक पद्धत तर मला मनापासून पटते. स्पर्धकाने खेळ सोडला की अमिताभ बच्चन विचारतात, समजा खेळला असतात, तर कोणतं उत्तर दिलं असतं? आता पैसे जायची भीती नसते. माणूस सैलावतो, मोठ्याने विचार करतो, हे का नसेल, ते का असेल. इतिहास अभ्यासणारे आयुष्यभर जे करतात ते या कार्यक्रमात एवढ्या अर्ध्या मिनिटात होतं आणि लगेच हिरवी पट्टी येते.

मेसमधल्या मुलांना तेही अर्धं मिनिट मिळत नाही. त्यांच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात.

परवा त्यांच्यातल्या एकाने सराव परीक्षेचा कागद माझ्यापुढे सरकवला. मेहरौलीचा लोहस्तंभ कोणत्या राजाचा? मी तो खांब अनेकदा पाहिलाय. सात मीटरच्या आसपास उंची, सहा टनांहून जास्त लोखंड, त्यावर सहा ओळींचा संस्कृत लेख. लेखात राजाचं नाव फक्त ‘चंद्र’ एवढंच. त्याने वंग जिंकला, सिंधूची सात मुखं ओलांडून वाह्लिकांना हरवलं, विष्णुपद नावाच्या टेकडीवर हा ध्वज उभारला. वंश नाही, बापाचं नाव नाही, साल नाही. कुणी त्याला चंद्रवर्मा म्हटलं, कुणी पहिला चंद्रगुप्त. अक्षरांचं वळण आणि नाण्यांवरची नावं पाहून बहुतेक अभ्यासक दुसऱ्या चंद्रगुप्ताकडे झुकतात, आणि मलाही तेच पटतं. ती टेकडी कुठली, यावर वेगळा वाद. हे सगळं मी त्याला सांगायला लागलो. त्याने अर्धी भाकरी होईस्तोवर ऐकून घेतलं.

“काका, पण खूण कशावर करू?”

“दुसरा चंद्रगुप्त.”

“नक्की?”

“परीक्षेत नक्की,” मी म्हणालो. त्याने गोल काळा केला आणि पान उलटलं.