‘दहशत’ : एका शब्दाची षष्ठी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील वृत्तपत्रीय मराठीत एक वाक्य साच्यासारखे रूढ झाले आहे : अमुक टोळक्याने कोयते हवेत फिरवून, उभ्या वाहनांच्या काचा फोडून परिसरात ‘दहशत माजवली’. या वाक्यात कर्ता आहे, हत्यार आहे, स्थळही आहे. भ्यालेला माणूस तेवढा नाही. हा बातमीदाराचा निष्काळजीपणा नव्हे. शब्दाची प्रकृतीच तशी घडली आहे.

‘मला भीती वाटते’ या रचनेत भिणारा चतुर्थीत का होईना, उपस्थित असतो. दहशत क्वचितच ‘वाटते’. ती बसवली, माजवली, पसरवली जाते. षष्ठीचा प्रयोग तर अधिक बोलका आहे. ‘मुलाची भीती’ म्हणजे मुलाला वाटणारी भीती की मुलाविषयी इतरांना वाटणारी, हे संदर्भानेच ठरते. ‘भाईची दहशत’ या शब्दांत असा संभ्रम संभवतच नाही. दहशतीची मालकी भिवविणाऱ्याकडेच असते. पाणिनीने भयाच्या हेतूला अपादान मानले, म्हणजे भिणाऱ्याला त्यापासून दूर सरण्याची वाट तरी व्याकरणात ठेवली. ‘दहशतीखाली जगणे’ या प्रयोगात ती वाटही बुजते. नारायण धारपांच्या कथांना मराठीने ‘भयकथा’ म्हटले, ‘दहशतकथा’ म्हटले नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कथेला भिणारा लागतो.

वस्तुतः फारसीमार्गे आलेल्या या अरबी शब्दाचा मूळ रोख दिङ्मूढ होण्याकडे, म्हणजे अनुभवणाऱ्याच्या अवस्थेकडे होता. मराठीत तो उलटा फिरला. याच्या जोडीला ‘त्रास’ या शब्दाची गत पाहण्याजोगी आहे. नाट्यशास्त्रातील ३३ व्यभिचारी भावांपैकी हा एक. वीज कोसळावी तसा अवचित भयकंप हा त्याचा अर्थ. मराठीत तो गुडघ्याच्या आणि शेजाऱ्याच्या तक्रारीपुरता उरला. भिणाऱ्याच्या अंगातून उठणारा शब्द असा क्षीण झाला आणि बाहेरून लादला जाणारा बळावला.

अभिनवगुप्ताने भयानक रसासाठी ‘शाकुंतला’तील पळणारे हरिण निवडले. त्याच्या विवेचनात भिवविणारा खरा नसल्यामुळे गळून पडतो आणि देशकालाने न बांधलेले केवळ भय उरते. कोयत्याच्या बातमीत नेमके उलट घडते : हरिण दिसत नाही, फक्त रथ दिसतो.

परंतु या पट्ट्यात आणखी एक भय नांदते, आणि त्याला कोणीही दहशत म्हणत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षातील २४० दिवसांचे काम अखंड सेवेचे गमक मानले. तो आकडा भरण्याआधीच हंगामी कामगाराला थांबवण्याची रीत पडली. कामगारांच्या बोलीत तिचे नाव ‘ब्रेक’. सातवा महिना लागला की ब्रेकची ‘धास्ती’ असते. ही धास्ती कोणी बसवत नाही. ती ‘घेतली’ जाते. भिणारा येथे प्रथमच कर्ता होतो, पण कर्तेपणाबरोबर दोषही त्याच्याच पदरी येतो : ‘उगाच धास्ती घेऊ नकोस’. दहशतीत भिणारा लोपतो, धास्तीत भिवविणारा. अभिनवगुप्ताच्या विवेचनात तो रसप्रक्रियेने गळतो; येथे मुदतीचा करार त्याला अदृश्य करतो. दोन्ही भये एकाच वस्तीत राहतात. त्यांपैकी एकालाच बातमी मिळते, आणि औद्योगिक शहराविषयी लिहिणाऱ्या कथेनेही तीच वाटणी मुकाट्याने स्वीकारावी हे खेदजनक आहे.

भाषेजवळ तिसरी रचना नाही असे नव्हे. ‘पाचावर धारण बसणे’ यातील धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. रुपयाला जेमतेम पाच मापे मिळू लागली की माणसाचे धाबे दणाणे, अशी या वाक्प्रचाराची प्रचलित उपपत्ती आहे. ‘त्याची पाचावर धारण बसली’ या वाक्यातील षष्ठी भिणाऱ्याची आहे, आणि भयाचे कारणही तेथेच, आकड्यानिशी, नोंदलेले आहे.