नगरच्या रस्त्यावरचा लाल

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ती लाल नव्हती. बेडफर्डची, लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या आसनांची ती गाडी निळ्या अंगाची आणि चंदेरी टपाची होती. पुढे लाकूड जाऊन पोलाद आलं, ते गंजतं म्हणून 1960च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियम आलं, आणि त्याच सुमारास निळा उतरून लाल चढला.

ब्रँडच्या रंगांचं मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना ही अदलाबदल उलटीच वाटेल. लाब्रेक आणि मिल्न यांचा 2012चा अभ्यास सांगतो, की निळा रंग लोकांना कार्यक्षम वाटतो आणि लाल उत्तेजक. त्याआधी 2006मध्ये बॉटमली आणि डॉइल यांनी दाखवलं होतं, की रोजच्या कामाच्या वस्तूंना निळा शोभतो, लाल शोभतो तो मौजेच्या वस्तूंना. एसटी तर निव्वळ कामाची. बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला, लग्नाला नेणारी. पुस्तकाप्रमाणे ती निळीच राहायला हवी होती. तरीही महाराष्ट्राच्या डोळ्यांत भरला तो लालच, आणि मला त्यात योगायोगापेक्षा बरंच काही दिसतं.

आधी हा लाल नीट पाहू. नगर जिल्ह्यात राहुरी–श्रीरामपूरकडे दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. त्या हिरव्यातून गाडी येते तेव्हा लाल-हिरव्याचा विरोध इतका थेट असतो, की फाट्यावर उभ्या माणसाला पाटी वाचता येण्याआधीच कळतं, एसटी आली. शेवगाव-नेवाशाच्या काळ्या रानात तोच लाल जड, भारदस्त दिसतो. पाथर्डी-जामखेडच्या उन्हाळ्यात, जिथे माळ, धूळ आणि आभाळ सगळंच फिकुटलेलं असतं, तिथे दूरवर तेवढा एकच रंग जिवंत उरतो. अकोल्याच्या घाटात, पावसाच्या धुक्यात, वळणावर तो क्षणभर दिसतो आणि जातो. एका जिल्ह्यात इतक्या पार्श्वभूमी, आणि कुठेही हा रंग हरवत नाही.

आता जवळून. पत्र्याच्या जोडांवर रिव्हेटच्या रांगा, खिडक्यांना आडवे गज, अंगावर रंगवलेलं आगाराचं नाव. वर्कशॉपमधून नुकती बाहेर पडलेली गाडी तकतकीत असते. चार उन्हाळे खाल्लेली विटकरीकडे झुकते, खालचा भाग चिखलानं माखतो, खिडकीखाली कुणाच्या तरी गाडी लागल्याचे ओघळ असतात. दारात खाकीतला कंडक्टर उभा असतो, आणि त्या लालाशेजारी खाकी फार शोभते. कोणत्याही डिझायनरच्या तक्त्यात बसणार नाही अशी ही जोडी आहे, पण सरकारी आणि तरीही आपली, हे दोन्ही ती एकदम सांगते.

या लालाची एक उणीव आहे. दिवेलागणीला तो सर्वांत आधी काळवंडतो. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल लवकर दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा जास्त वेळ टिकतो, हे चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवलं होतं. म्हणून संध्याकाळच्या मुक्कामी गाडीची वाट रंगावर नव्हे, दिव्यांवर आणि इंजिनाच्या आवाजावर पाहिली जाते.

मग या रंगात विश्वास आला कुठून? मुळात लालात तो नव्हता. तो भरला गाडीनं. ठरल्या वेळेच्या आसपास का होईना, ती रोज त्याच पिंपळापाशी थांबली. एकट्या मुलीला ती तालुक्याच्या कॉलेजात नेऊन सोडायची, तेव्हा आईबापांना घोर लागला नाही. रात्री मुक्कामी येऊन पहाटे पुन्हा निघाली. अशी वर्षं साचली, तेव्हा लाल म्हणजे निर्धास्तपणा असं समीकरण झालं. 2021–22च्या लांबलेल्या संपात हे उलट्या बाजूनं कळलं. कित्येक महिने रस्त्यांवरून तो रंग जवळपास नाहीसा झाला आणि खेड्यांतल्या पोरांचं शिक्षण, म्हाताऱ्यांचे दवाखाने अडले. रंगाची किंमत कळायला सेवा थांबावी लागली.

म्हणूनच मला नव्या वेशभूषांची काळजी वाटते. 1982च्या आशियाई खेळांसोबत आलेल्या एशियाडनं हिरवा-पांढरा आणला, तो ठीक होता. निमआराम गाडी लांबूनच वेगळी ओळखू यायची. पुढे मात्र शिवनेरी, हिरकणी, शिवशाही, विठाई अशी नावं वाढली, प्रत्येकीचा वेष निराळा झाला, आणि साध्या गाडीच्याही अंगावर जाहिराती चढल्या. 1 जून 2022 रोजी शिवाई ही विजेवरची गाडी सुरू झाली ती पुणे–नगर रस्त्यावरच. वीज हवी, आरामही हवा. पण साध्या गाडीतून जाणारा प्रवासीच एसटीचा खरा धनी आहे, आणि तो तिला रंगानं ओळखतो.

महामंडळाला एवढंच सांगावंसं वाटतं: साध्या गाडीच्या अंगावरच्या जाहिराती काढा, आणि विटलेल्या गाड्यांना वेळच्या वेळी लाल रंग द्या.