गोंगाट कुणाचा? मेमरी चिपमधल्या एका शब्दाची चिकित्सा

तत्त्वज्ञानाच्या माणसाला संगणकाच्या मेमरीत काय सापडणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. आम्हाला तिथे एक शब्द सापडला आहे. 'नॉइज'. आपण त्याला गोंगाट म्हणू. मेमरी चिपला पुरवलेल्या विजेचं व्होल्टेज अगदी स्थिर राहत नाही, क्षणभर खाली-वर होतं. अभियंते त्याला पुरवठ्यातला नॉइज म्हणतात. आमचा आक्षेप असा, की हे नाव दिशाभूल करतं. ते ऐकलं की वाटतं, कुणीतरी बाहेरचा येऊन दंगा करतोय.

ही समजूत रुजायला एका आकृतीचा हातभार लागला असावा. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध निबंधातली ती आकृती. एका टोकाला पाठवणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मधे मार्ग. आणि त्या मार्गाला बाजूने येऊन मिळणारा एक वेगळा चौकोन, म्हणजे नॉइजचा उगम. संदेशवहनाच्या सिद्धान्तासाठी ही आकृती उत्तमच आहे. दोष शॅनन यांचा नाही, ती कुठेही नेऊन चिकटवणाऱ्यांचा आहे. त्यांत आम्हीही आलो. तर्कशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर ० आणि १ लिहिले; ते टिकवायला वीज लागते, हे एकदाही बोललो नाही.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. डीरॅममध्ये एक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो एकटा वाचता येत नाही, अख्खी ओळ उघडावी लागते. डीडीआर४ च्या आठ डेटा-तारांच्या चिपमध्ये ही ओळ १ किलोबाइटची, म्हणजे ८,१९२ बिटांची. तेवढे सेन्स अ‍ॅम्प्लिफायर जवळपास एकाच वेळी करंट ओढतात. सकाळी पाणी आलं की इमारतीत सगळे एकदम नळ सोडतात आणि वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसंच हे. त्यात तारांना आणि जोडण्यांना इंडक्टन्स असतं. करंट जितक्या झटक्यात बदलेल, तितकं व्होल्टेज जास्त ढळतं.

आपल्या दर्शनांत स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त आहे. स्फटिक लाल दिसतो, पण लाली शेजारच्या फुलाची असते. इथे मात्र फूल शोधत बसण्यात अर्थ नाही. लाली स्फटिकाचीच आहे. मेमरी स्वतःचं काम करते, म्हणून तिचा पुरवठा डगमगतो. बाहेरचं काहीच नसतं असं आम्ही म्हणत नाही. वैश्विक किरणांमुळेही बिट उलटतो. पण तो वेगळा विषय.

अभियंत्यांना हे ठाऊक नाही का? चांगलंच ठाऊक आहे. त्यांचे उपायच ते सांगतात. आम्ही त्यांचे दोन वर्ग करतो. पहिला वर्ग सोय करण्याचा. चिपच्या अगदी जवळ लहान कपॅसिटर बसवायचे, म्हणजे घरोघरी पाण्याचं पिंप भरून ठेवण्यासारखं. डीडीआर५ मध्ये तर व्होल्टेज सांभाळणारी चिपच मदरबोर्डवरून मेमरीच्या पट्टीवर आणली. याची गरजही होती. पहिल्या डीडीआरचं व्होल्टेज २.५ होतं, डीडीआर५ चं १.१ आहे. पाच टक्के ढळ चालेल असं धरलं, तर तेव्हा १२५ मिलिव्होल्टची मोकळीक होती, आता ५५ ची.

दुसरा वर्ग संयमाचा, आणि आम्हाला तो अधिक मोलाचा वाटतो. मेमरीला एक नियम घातलेला असतो, की ठरलेल्या कालावधीत चारांहून अधिक ओळी उघडायच्या नाहीत. दुसरी युक्ती तर फारच सुंदर. डीडीआर४ च्या डेटा-तारेवर ० पाठवताना करंट वाहतो, १ पाठवताना जवळजवळ नाही. म्हणून आठ बिटांत पाच किंवा अधिक शून्यं असली, तर सगळे बिट उलटे करून पाठवायचे आणि 'उलटे आहेत' हे नवव्या तारेवर सांगायचं. मग नऊ तारांपैकी एका वेळी चारांहून जास्त तारा करंट ओढत नाहीत. याच कुळातली 'बस-इन्व्हर्ट' पद्धत स्टॅन आणि बर्लेसन यांनी १९९५ साली मांडली होती. तिथे तुलना आधीच्या शब्दाशी असते. अर्ध्याहून जास्त तारा बदलणार असतील, तर शब्द उलटा पाठवायचा. अर्थ तोच राहतो, बोलण्याची रीत तेवढी बदलते. गोंगाट आपलाच आहे हे मान्य केल्याशिवाय असा उपाय सुचत नाही.

कुणी म्हणेल, सर, नावात काय आहे, आकडे बरोबर आले की झालं. आम्हाला ते पटत नाही. नाव ठरवतं की बोट कुणाकडे दाखवायचं. डीडीआर५ विकताना 'यात त्रुटी-दुरुस्ती आहेच' असं सर्रास सांगितलं जातं. ती दुरुस्ती चिपच्या आतली आहे. दर १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून साठवणुकीतली एका बिटाची चूक ती सुधारते. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर बिट बिघडला, तर ती काही करू शकत नाही. त्यासाठी जादा चिप असलेली वेगळी पट्टी लागते. घेणाऱ्याला हा फरक सांगितला जात नाही. उद्या एखाद्या रुग्णाच्या नोंदीतला आकडा बदलला, तर 'नॉइज आला' एवढं म्हणून सगळे हात झटकायला मोकळे. करणारा कुणीच नाही, असा तो शब्द आहे.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. शब्द वापरा, तो आता रूढ आहे. पण तो ऐकल्यावर थांबून विचारा, गोंगाट कुणाचा? मेमरीच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा घरातच सापडेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.