‘चेतावनी’ आणि आमची बोली

रॅप गाण्यांचा विषय निघाला की आमच्याकडचे बुजुर्ग तो दोन वाक्यांत निकालात काढतात. पहिले, हे गाणे नव्हे, गोंगाट आहे. दुसरे, मुले वाया गेली. पेण-रोह्याच्या मोहल्ल्यांतून हे उद्गार आम्ही अनेकदा ऐकले आहेत आणि खरे सांगायचे तर त्यात आमचाही सूर मिसळला आहे. मग एके दिवशी दिवा-रोहा गाडीत आमच्या भाच्याने आपल्या कानातले एक बोंडूक काढून आमच्या हाती दिले. “मामू, एकदा ऐका, मग बोला,” म्हणाला. पेणहून गाडी सुटली, कासू गेले, नागोठणे गेले आणि आम्ही ऐकत राहिलो. तो ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाचा ‘चेतावनी’ हा २०२० सालचा अल्बम होता. पुढे घरीही आम्ही तो अनेकदा ऐकला. त्यातून सुचलेले हे काही विचार.

या प्रकाराला ‘अंडरग्राऊंड’ म्हणतात, म्हणजे भूमिगत. चित्रपटाचा आधार नाही, बड्या संगीत कंपनीचा हात पाठीवर नाही. गाणी आपणच लिहायची, आपणच ताल बांधायचा आणि मिळेल त्या मंचावर म्हणायची, एवढाच याचा अर्थ. ‘स्वदेसी’ची जुळणी २०१३च्या सुमारास झाली आणि हा अल्बम दिल्लीच्या ‘आझादी रेकॉर्ड्स’ या स्वतंत्र संस्थेने काढला. या गटाचे वेगळेपण त्याच्या भाषेत आहे. एमसी मवाली मराठी-हिंदीत बोलतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातल्या ‘सौ’च्या जागी शंभराचा आकडा लिहितो आणि त्याच्या मराठीला वऱ्हाडचे पाणी आहे. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करी. २०१९च्या ‘गली बॉय’ चित्रपटातही त्याचा आवाज होता. २० मार्च २०२२ रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो गेला. आज त्याचा आवाज ऐकताना मन जड होते.

एका गटात इतक्या भाषा, आणि कोणी कोणासाठी आपली भाषा सोडत नाही. गुजराती न कळणाऱ्याने गुजराती ऐकावे, वऱ्हाडी न कळणाऱ्याने वऱ्हाडी. अर्थ थोडा निसटला तरी ताल धरून ठेवतो. आम्हाला यात शाहिरीची आठवण झाली. मुख्य शाहीर एक कडवे सांगतो, झीलकरी ते उचलतात, डफाच्या थापेवर शब्द तोलला जातो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणारे बार्शीचे अमर शेख आमचेच होते. पहाडी आवाजाच्या या मुसलमान शाहिराने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मराठी माणसाला मराठीतूनच जागे केले. गोंगाट म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे विसरू नये.

‘चेतावनी’ समजून घ्यायची तर या गटाचे आदल्या वर्षीचे, २०१९चे, ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे आधी ऐकावे. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्याचा घाट घातला होता. तिथल्या आदिवासींपैकी प्रकाश भोईर यांनाच या मुलांनी गाण्यात सोबत घेतले. ज्याची जमीन जाणार त्याचा आवाज पुढे आणि रॅप करणारी शहरी मुले त्याच्या सोबतीला, हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि रात्रीच करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे कारशेड आरेतच झाली. गाण्याने झाडे वाचत नाहीत हे खरे. पण कोणाची झाडे होती हे गाण्यामुळे विसरता येत नाही.

रायगडच्या माणसाला हे परके वाटू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि नाग्या कातकरी त्यात हुतात्मा झाला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान झाले. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी कुंडलिका वाहते. सांगण्यासारखे इतके असूनही या मातीतले रॅप कुठे आहे?

इथे अल्बमविषयीची आमची तक्रार मांडतो. चेतावनी म्हणजे इशारा, आणि इशारा बहुधा दुसऱ्याला दिलेला असतो. या मुलांचा रोख सत्तेवर, व्यवस्थेवर आहे, तो योग्यच आहे. पण सलग ऐकताना सूर सतत वरच्या पट्टीत राहतो आणि ऐकणारा स्वतःला आपोआप निर्दोष समजू लागतो. आमच्या भागात जमिनी गेल्या त्या केवळ वरून आलेल्या हुकमाने गेल्या का? गावातलाच दलाल होता, आपल्याच नात्यातल्या कोणीतरी सही केली होती, आणि जमातीच्या बैठकीत आपण गप्प बसलो होतो. असा कबुलीचा सूर या अल्बममध्ये आम्हाला कमी पडला. अमर शेखांचे वारस म्हणवून घ्यायचे तर घरच्या माणसालाही खडसावता आले पाहिजे.

तरीही हा अल्बम आमच्या तरुणांनी ऐकावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. त्याचे कारण पुन्हा भाषेत आहे. रॅपमध्ये मुस्लिम मुलांनी मोठे नाव काढले आहे. कुर्ल्याचा नेझी, धारावीचा एमसी अल्ताफ, पुण्याचा एमसी स्टॅन ही नावे आमच्या पोरांना पाठ आहेत. पण त्यांची गाणी मुख्यतः हिंदीत आहेत, आणि रोह्याचा पोरगाही दोन ओळी जुळवायला बसला की मुंबईची हिंदी उसनी घेतो. घरात आईशी तो ज्या बोलीत भांडतो, ती त्याच्या वहीत येत नाही. ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणणारी, शेजारच्या आगरी बोलीशी बहिणीसारखी वागणारी, अरबी-फारसी शब्दही सहज पोटात घेणारी आमची कोकणी त्याला गाण्याच्या लायकीची वाटत नाही. बाहेर त्याला विचारतात, तू मुसलमान, मग मराठी कशी बोलतोस? घरातला एखादा वडीलधारा म्हणतो, आपली भाषा उर्दू. या दोन प्रश्नांच्या मध्ये त्याची जीभ अडकते.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेही याच अडकलेल्या जिभेसाठी. आम्ही लेख लिहिले, कविता लिहिल्या, परिसंवाद केले. पण बोलीचा प्रश्न बहुतेक वेळा प्रमाण मराठीतच मांडला. जे आम्हाला जमले नाही ते अमरावतीच्या एका पोराने आपली वऱ्हाडी न लपवता करून दाखवले.

आमच्या बायका लग्नघरात ढोलकीवर जी गाणी म्हणतात, त्यांत यमक आहे, टोमणा आहे, व्याह्याचे नाव घेऊन केलेली थट्टा आहे. रॅपला लागणारे सगळे सामान घरात भरलेले आहे, मुलगा मात्र ते बाजारात शोधतो आहे.

रोहा आले तेव्हा भाच्याने विचारले, “कसा वाटला?” आम्ही म्हटले, “चांगला आहे. पण तू लिहिशील तेव्हा नानीच्या बोलीत लिही.” तो हसला. म्हणाला, “लोक हसतील, मामू.” हसू देत. गुजरातीत रॅप करणाऱ्या पोरालाही सुरुवातीला कोणीतरी हसलेच असेल.